मोटारीची पाटी वाचा, मगच बटण दाबा



आज मी आपल्याशी बियाणं, खत किंवा फवारणीबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते आपल्या शेतावर आणि गोठ्यात फिरणाऱ्या विजेच्या मोटारींबद्दल आणि पंख्यांबद्दल. विहिरीवर मोटार, कडबा कुट्टीला मोटार, पिठाच्या चक्कीला मोटार, कोंबड्यांच्या शेडला पंखा, पॉलिहाऊसला पंखा. आणि ज्यांनी मोठं गोबर गॅस संयंत्र बांधलं आहे, त्यांच्याकडे गॅसवर चालणारं जनित्र आणि त्या खोलीतला पंखा. मोटार घेताना आपण तीन गोष्टी विचारतो : किती अश्वशक्तीची, सिंगल फेज की थ्री फेज, आणि किंमत किती. चौथी गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. ती अशी की, ज्या जागेत ही मोटार बसणार त्या जागेला ती चालणारी आहे का?

बहुतेक ठिकाणी हा प्रश्न न विचारल्याने फक्त मोटार जळते. नुकसान होतं, पण ते पैशाचं. मात्र काही जागा अशा आहेत की तिथं चुकीची मोटार किंवा साधा पंखा बसवला तर माणसाच्या जिवावर बेततं. अशा जागा कोणत्या, मोटारीवरची पाटी त्याबद्दल काय सांगते आणि कमी खर्चात धोका कसा टाळायचा, एवढंच आज पाहू.

पाटीवरचे दोन आकडे

प्रत्येक चांगल्या मोटारीवर धातूची एक पाटी असते. तिच्यावर अश्वशक्ती, व्होल्ट, फेरे हे सगळं असतंच, पण बारीक नजरेने पाहिलं तर ‘आय.पी.’ अशी दोन इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे दोन आकडे दिसतील. उदाहरणार्थ, आय.पी. ५५. हा पंचावन्न नव्हे; पाच आणि पाच असे दोन वेगळे आकडे वाचायचे.

पहिला आकडा धुळीचा. तो शून्यापासून सहापर्यंत असतो. दोन म्हणजे माणसाचं बोट आत जाणार नाही, एवढंच. चार म्हणजे एक मिलिमीटरची तारसुद्धा आत जाणार नाही. पाच म्हणजे थोडी धूळ शिरेल, पण मोटारीचं काम बिघडेल इतकी नाही. सहा म्हणजे धूळ अजिबात शिरणार नाही.

दुसरा आकडा पाण्याचा. तीन म्हणजे वरून तिरकं पडणारं पाणी चालेल. चार म्हणजे कोणत्याही बाजूने शिंतोडे उडाले तरी चालेल. पाच म्हणजे नळीने पाणी मारलं तरी चालेल. सात म्हणजे थोडा वेळ बुडाली तरी चालेल, आणि आठ म्हणजे कारखानदाराने सांगितलेल्या खोलीपर्यंत कायम पाण्यात राहील.

आता हिशोब सोपा झाला. आय.पी. २३ ची मोटार कोरड्या, स्वच्छ खोलीत ठेवायची. कडबा कुट्टी, मळणी यंत्र, चक्की अशा धुळीच्या कामाला, त्याचप्रमाणे धुऊन काढायच्या गोठ्यात आणि पॉलिहाऊसच्या ओल्या हवेत आय.पी. ५५ ची बंद मोटार घ्यावी. कोंबड्यांच्या शेडमध्ये अमोनिया असतो. तिथल्या प्रमाणात तो पेट घेत नाही, पण तांब्याला आणि लोखंडाला खातो. तिथंही बंद मोटारीचाच पंखा जास्त दिवस टिकतो. इथवर सगळी गोष्ट मोटारीच्या आयुष्याची झाली. आता माणसाच्या आयुष्याची गोष्ट सांगतो.

पाणी थांबलं म्हणजे गॅस थांबत नाही

पुष्कळांचा असा समज असतो की ज्या मोटारीत पाणी शिरत नाही तिच्यात गॅसही शिरणार नाही. हा समज चुकीचा आहे. मोटार चालली की तापते, आतली हवा फुगते आणि फटींतून बाहेर पडते. मोटार बंद झाली की थंड होते आणि बाहेरची हवा आत ओढून घेते. म्हणजे मोटार एक प्रकारे श्वासच घेते. बाहेरच्या हवेत गॅस असेल तर श्वासाबरोबर तोही आत जातो. सबब आय.पी. चे आकडे कितीही मोठे असले तरी तेवढ्यावरून ती मोटार गॅसच्या जागेत चालेल असं समजू नये.

आत गेलेल्या गॅसला ठिणगी कुठं मिळते? चक्कीला किंवा कडबा कुट्टीला जी सिंगल फेज मोटार लावतात, तिच्यात बहुधा एक छोटा स्वीच असतो. मोटार वेग घेते तेव्हा तो आपोआप सुटतो आणि मोटार थांबताना पुन्हा जोडला जातो. आपण ‘टक्’ असा जो आवाज ऐकतो तो त्याचा. त्या प्रत्येक ‘टक्’ बरोबर आत ठिणगी पडते. ड्रिल मशीनसारख्या कार्बन ब्रशच्या मोटारीत तर ठिणग्या सतत पडतात. भिंतीवरचं बटण दाबलं की त्याच्या आत ठिणगी. स्टार्टर ओढला, ठिणगी. पंख्याचं पातं वाकून गंजलेल्या कड्याला घासलं, तरीही ठिणगी. एरवी या ठिणग्या निरुपद्रवी आहेत, म्हणून आपल्या ध्यानातही येत नाहीत.

गोबर गॅसचा हिशोब

गोबर गॅसमध्ये साधारण शेकडा ५५ ते ६५ भाग मिथेन असतो. बाकीचा बराचसा कार्बन डायऑक्साइड, आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड, ज्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हवेत मिथेनचं प्रमाण शेकडा ५ ते १५ च्या दरम्यान असलं की एक ठिणगी पुरते आणि स्फोट होतो. पाचापेक्षा कमी असेल तर पेट घेत नाही. पंधरापेक्षा जास्त असेल तरी घेत नाही. पण जास्त असताना दार उघडलं आणि हवा मिसळली की तेच प्रमाण धोक्याच्या पट्ट्यात येतं, हे ध्यानात ठेवा.

आता दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली धरा. तिच्यात सुमारे २८ घनमीटर हवा मावते. तिचे शेकडा पाच भाग म्हणजे जवळजवळ दीड घनमीटर मिथेन. गोबर गॅसच्या हिशोबात हे सव्वादोन ते अडीच घनमीटर झाले. चार-पाच जनावरांच्या शेणावर चालणारं दोन घनमीटरचं संयंत्र दिवसाला जवळपास एवढाच गॅस देतं! शिवाय गॅस खोलीभर सारखा पसरत नाही, कोपऱ्यात साचतो. म्हणजे याच्या कितीतरी कमी गॅससुद्धा घात करायला पुरेसा आहे. रात्री नळीचा सांधा सुटला, दारं-खिडक्या बंद होत्या आणि सकाळी कोणी नेहमीप्रमाणे पंख्याचं बटण दाबलं, तर काय होईल ते मी सांगायला नको.

घरातल्या सिलिंडरच्या गॅसचंही असंच आहे, फक्त वागणूक वेगळी. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, जमिनीलगत साचतो आणि शेकडा दोनच्या आसपास झाला तरी पेट घेतो. वर बसवलेला धूर काढायचा पंखा त्याला नीट ओढत नाही. उलट त्याचं बटण ठिणगी देतं. म्हणून गॅसचा वास आला की पंखा लावून तो बाहेर घालवू, हा विचार मनातही आणू नका. चालू असलेलं बटण बंदसुद्धा करू नका, कारण बंद करतानाही ठिणगी पडते.

फ्लेमप्रूफ मोटार म्हणजे काय?

मग गॅसच्या जागेत मोटार चालवायचीच असेल तर? त्यासाठी वेगळी मोटार मिळते. तिच्यावर ‘ई’ आणि ‘एक्स’ या दोन इंग्रजी अक्षरांची खूण असते. त्यापुढे ‘डी’ हे अक्षर असेल तर ती फ्लेमप्रूफ मोटार. हिचं तत्त्व मोठं मजेशीर आहे. ही मोटार गॅसला आत येण्यापासून अडवत नाही. आत गॅस शिरला आणि आतल्या आत स्फोट झाला तरी तिचं जाड कवच फुटत नाही. आणि जिथं कवचाचे दोन भाग जुळतात तिथली फट इतकी अरुंद आणि इतकी लांब ठेवलेली असते की त्या फटीतून बाहेर येता येता ज्वाळा थंड होऊन विझते. बाहेरच्या गॅसला आग पोचत नाही. कोळशाच्या खाणींत मिथेनचे स्फोट होऊन माणसं मरत, त्यातून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत पुढे आली.

पाटीवर याच्यापुढे गॅसचा गट असतो : दोन-ए, दोन-बी किंवा दोन-सी. जमिनीवरच्या कामात मिथेन आणि सिलिंडरचा गॅस दोन-ए मध्ये येतात. हायड्रोजन आणि वेल्डिंगचा ॲसिटिलीन दोन-सी मध्ये. त्यानंतर ‘टी’ अक्षर आणि एक ते सहा यांपैकी आकडा. मोटारीचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापेल ते त्यावरून कळतं. टी-१ म्हणजे ४५० अंश सेल्सिअसपर्यंत, टी-३ म्हणजे २००, टी-४ म्हणजे १३५ आणि टी-६ म्हणजे ८५ अंशांपर्यंत. आकडा मोठा तेवढी मोटार थंड.

इथं एक फसगत सांगून ठेवतो. बऱ्याच साध्या मोटारींच्या पाटीवर ‘क्लास एफ’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ‘एफ’ म्हणजे फ्लेमप्रूफ नव्हे! वाइंडिंगचं आवरण १५५ अंशांपर्यंत उष्णता सोसतं, एवढाच त्याचा अर्थ आहे.

नुसत्या तोंडी ‘फ्लेमप्रूफ आहे’ या शब्दावरही जाऊ नका. आपल्या देशात अशा सामानाला पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. या संघटनेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. सामानाची चाचणी धनबादच्या केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्थेसारख्या प्रयोगशाळेत होते. पाटीवर खूण आणि दाखल्याचा क्रमांक हवा, आणि दाखल्याची प्रत विक्रेत्याकडून मागून घ्यावी.

आणि अशी मोटार घेतली तरी काम संपत नाही. एक बोल्ट पडला आणि तसाच राहिला, तर त्या फटीची रुंदी बदलते आणि मोटार साध्या मोटारीसारखीच होते. कवचाच्या जोडावर कानस मारणं, रंग लावणं, मनाने रबराची पट्टी बसवणं यानेही तेच होतं. वाइंडिंग जळलं तर ती नेहमीच्या दुकानात भरून आणू नये. असं काम करण्याची परवानगी असलेल्या कारागिराकडेच द्यावी. केबल जिथून आत जाते तिथली ग्रंथीसुद्धा फ्लेमप्रूफच हवी.

धूळसुद्धा पेटते

आपण म्हणाल, आमच्याकडे गोबर गॅसचं जनित्र नाही, मग आम्हाला याचं काय? तर धुळीकडे पाहा. पीठ, साखर, डाळीची चुणी, पशुखाद्य, हळद, गंधक यांची बारीक धूळ हवेत दाट उडाली की तीही गॅससारखीच स्फोट घेते. १८७८ साली २ मे रोजी अमेरिकेत मिनियापोलिस इथं एका प्रचंड पीठगिरणीत पिठाच्या धुळीचा स्फोट झाला आणि १८ माणसं गेली. ही फार जुनी गोष्ट म्हणावी, तर २००८ सालीही त्याच देशात जॉर्जिया राज्यातल्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीच्या स्फोटात १४ कामगार मेले.

गावातल्या एका दगडाच्या चक्कीवर असं होईल असं मी म्हणत नाही. दार उघडं असतं, धूळही तेवढी नसते. पण बचत गटाचं किंवा संस्थेचं पशुखाद्याचं यंत्र, डाळ मिल, हळद दळायचं युनिट हे बंद खोलीत असतं आणि तुळयांवर, छताच्या पत्र्यावर महिनोन्महिने धूळ साचते. तिथं हा विचार केलाच पाहिजे. द्राक्षवाल्या बंधूंनी गंधकाच्या पोत्यांच्या खोलीबद्दल विशेष जपावं, कारण गंधकाची भुकटी फार सहज पेट घेते.

दुसरी गोष्ट. मोटारीच्या अंगावर धुळीचा थर बसला म्हणजे तिला गोधडी पांघरल्यासारखं होतं. उष्णता बाहेर जात नाही, मोटार तापत जाते आणि थर धुमसायला लागतो. रोज मोटार पुसली तर हा धोका एक पैसाही न खर्चता टळतो. मात्र फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने धूळ उडवू नका. मोटार बंद करा, थंड होऊ द्या आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या. कायम दाट धूळ उडणाऱ्या जागेसाठी ‘ईएक्स’ पुढे ‘टी’ अक्षर आणि धुळीचा गट तीन अशी खूण असलेली मोटार मिळते.

कमी खर्चाचा रस्ता

फ्लेमप्रूफ मोटारीची किंमत साध्या मोटारीपेक्षा कितीतरी जास्त असते. माझं आपल्याला सांगणं असं की, बहुतेक शेतकऱ्यांना ती घ्यावीच लागणार नाही. आधी जागा बदला. जिथं गॅस किंवा धूळ साचते तिथं मोटार, स्टार्टर, बटण, दिवा यांपैकी काहीच नको. सगळं भिंतीबाहेर, मोकळ्या हवेत न्या. दुसरं, हवा खेळती ठेवा. गोबर गॅसवरचं जनित्र बंद खोलीत बसवूच नका. चार खांब आणि वर पत्रा, बाजू उघड्या, अशी शेड उत्तम. गोबर गॅस हवेपेक्षा किंचितच हलका असतो, म्हणून खोली असलीच तर छताजवळ आणि जमिनीजवळ, दोन्हीकडे कायम उघडे झरोके ठेवा. हे दोन्ही करूनही मोटार त्याच जागेत ठेवणं भागच असेल, तरच ‘ईएक्स’ खुणेच्या मोटारीचा विचार करा. कोणता गट आणि कोणता टी आकडा घ्यायचा हे त्या विषयातल्या अभियंत्याकडून लिहून घ्या.

फवारणीच्या तेलट औषधांतही पेट घेणारी द्रावणं असतात. त्या खोलीचं बटण बाहेर काढून घ्या आणि तिथं पेट्रोलचा डबा ठेवू नका.

टाकीत उतरू नका

संयंत्राची टाकी साफ करायची असते तेव्हा फार मोठा घात होतो, म्हणून हे वेगळं सांगतो. कित्येक जण तोंडाशी साधा टेबल पंखा लावतात आणि माणूस आत सोडतात. त्या पंख्याच्या बटणातून आणि सैल वायरीतून ठिणगी पडू शकते, आणि गॅस तर खाली तसाच राहतो. जुन्या विहिरीत कंदील सोडून हवा पाहायची आपल्याकडे रीत आहे. गोबर गॅसच्या टाकीत कंदील सोडणं म्हणजे स्वतः हाताने पेटवणं आहे. आणि विहिरीतसुद्धा कंदील जळत राहिला म्हणजे विषारी वायू नाही, असं होत नाही. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो; माणसाला वाटतं वास गेला, आणि तो तिथंच कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, भावाला काढायला मुलगा. म्हणून ताजी हवा भरायची असेल तर हवा फेकणारा ब्लोअर दूर मोकळ्या जागेत ठेवून लांब नळीने आत सोडा. आणि एवढं केलं तरी वायू मोजण्याचं साधन, कमरेला दोर आणि बाहेर ओढणारी माणसं असल्याशिवाय कोणीही आत उतरू नये. साधनं नसतील तर हे काम ती असणाऱ्यांकडून करून घ्या.

हे ध्यानात ठेवा

१. मोटार किंवा पंखा घेताना पाटी वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाला बरोबर न्या.

२. धूळ आणि पाणी यांसाठी आय.पी. चे आकडे, गॅससाठी ‘ईएक्स’ खूण. एकाचं काम दुसऱ्यावर भागत नाही.

३. गॅसचा वास आला तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. दारं-खिडक्या उघडा, गॅसचा कॉक बंद करा, माणसं बाहेर काढा. मेन स्वीच घराबाहेर, गॅसपासून दूर असेल तरच तो पाडा. सिलिंडरचा गॅस गळत असेल तर बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर कळवा.

४. गॅसच्या नळीचे सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी ओढून नव्हे.

५. फ्लेमप्रूफ मोटारीचा एकही बोल्ट सैल किंवा गहाळ असेल तर ती चालवू नका.

६. पंख्याचं पातं कड्याला घासत असेल तर आधी दुरुस्ती, मग वापर.

७. प्रत्येक मोटारीला पक्कं अर्थिंग आणि लाईनवर ३० मिलिअँपिअरचं गळती प्रवाह तोडणारं यंत्र बसवा. हे स्फोट थांबवत नाही, पण ओल्या हाताने शॉक बसून जाणारा जीव वाचवतं.

मंडळी, आपल्यापैकी कोणी गॅसवर जनित्र किंवा पशुखाद्याचं यंत्र बसवणार असेल, तर सिमेंट-विटा आणण्याआधी एक काम करावं. जागेचा नकाशा कागदावर काढावा. गॅस किंवा धूळ कुठं साचेल तिथं लाल खूण करावी, आणि मोटार, बटण, दिवा त्या खुणेबाहेर कसे जातील ते ठरवावं. पाया घालण्याआधी बटणाची जागा बदलायला खर्च येत नाही. तो कागद घेऊन पंचायत समितीत आपल्या विस्तार अधिकाऱ्याला आणि परवानाधारक वायरमनला दाखवावा, शंका विचाराव्यात.

एवढं सांगून आजचं भाषण संपवतो. नमस्कार.